ते आलं की ते आले

४ मार्च

हाताचं प्लास्टर काढलं. आतून निघालेला हात माझा वाटेना, सुकलेल्या मुळ्यासारखा दिसत होता. डॉक्टरीण म्हणाली, 'रोज थोडं लिहीत जा आजी, बोटं मोकळी होतील.' मी म्हटलं, काय लिहू? तर म्हणे, दिवसभरात काय झालं ते. दिवसभरात काय होतंय डोंबल, पण लिहिते. सूनबाईने तिच्या ऑफिसातली जुनी डायरी दिलीय. गेल्या सालची आहे, वार जुळत नाहीत, म्हणून नुसती तारीख घालते.

मी चौथीपर्यंत शिकले. शुद्धलेखनात आमच्या बाई माझ्या पानावर लाल शाई ओतायच्या. 'ते आलं' असं लिहिलं की कान धरायच्या. बोलताना आलं, लिहिताना आले, हा त्यांचा कायदा. मी म्हणायचे, बाई, मांजर आलं म्हणजे आलं. 'ते आले' म्हटलं की कोणी कोट घातलेले पाहुणे आल्यासारखं वाटतं. त्या म्हणायच्या, तू फार बोलतेस. म्हणून आधीच सांगते, इथे मी बोलते तसंच लिहिणार.

आजची मुख्य बातमी राहूनच गेली. गाठोडं रजेवर येतंय.

गाठोडं म्हणजे माझं नातवंड, एकुलतं एक. जन्मलं तेव्हा कडाक्याची थंडी होती. नर्सने दुपट्यात असं करकचून बांधून आणलं की नुसतं नाक दिसत होतं. आमचे हे म्हणाले, 'हे कसलं गाठोडं आणलंय?' तेच नाव पडलं. खरं नाव शाळेपुरतं. घरात गाठोडं उठलं का, गाठोडं जेवलं का, असंच. आता गाठोडं सैन्यात आहे आणि तिथेही गाठोडीच बांधतं. विमानातून उड्या मारणाऱ्यांच्या पाठीवर पॅराशूट असतं ना, त्याची घडी घालून पिशवीत भरायचं काम. मी त्याला छत्री म्हणते. गाठोडं म्हणतं, आजी, छत्री नको म्हणूस, छत्री उलटते.

बोटं दुखायला लागली.

७ मार्च

गाठोडं आलं. दारात उभं राहिलं तर खांदे दारात मावेनात. आवाज पार बसलाय, सर्दी झाल्यासारखा, पण सर्दी नाही, औषधाने झालाय. हनुवटीवर चार केस आलेत, ते सारखे चाचपून बघतं. मी म्हटलं, 'तुझ्या आजोबांनाही एवढेच होते, फार आशा धरू नकोस.' हसलं.

हे आम्हाला कळून दोन वर्षं झाली. मी वाटाणे सोलत होते. शेजारी येऊन बसलं आणि म्हणालं, 'आजी, मी मुलगी नाहीये. मुलगा आहे. आधीपासूनच.' मी म्हटलं, बरं, पण हात चालव, सोलता सोलता सांग. त्याने सगळं सांगितलं, मला सगळं कळलं असं नाही. मग डॉक्टर झाले, औषधं झाली, एक ऑपरेशन झालं, कागदोपत्री नाव बदललं. सूनबाई महिनाभर रडली आणि एक दिवस तोंड धुऊन त्याला शर्ट आणायला बाजारात गेली. माझा मुलगा, म्हणजे गाठोड्याचा बाप, रडलाबिडला नाही. त्याने त्या महिन्यात घरातले सगळे नळ बदलले. चांगले होते तेसुद्धा.

आज जेवताना तो म्हणाला, 'प्रवास ठीक झाला?'

'झाला, बाबा.'

'भाजी हवी का?'

'नको.'

पूर्वी तरी 'आलीस का, जेवलीस का' एवढं असायचं. आता प्रवासाची, झोपेची, भाजीची चौकशी. दाढ दुखते म्हणत होता, बोलवत नसेल.

गाठोड्याने काम सांगितलं ते असं. त्याच्यासारखी माणसं सैन्यात असावीत की नसावीत यावर वर मोठा वाद चाललाय. टीव्हीवर रोज चार डोकी भांडतात, ते मी बघते, पण मला वाटायचं ते दुसऱ्या कोणाबद्दल. आधी म्हणाले ठेवा, मग म्हणाले नको, आता म्हणतात एकेकाला बोलावून ठरवू. कमिटी बसलीय. पुढच्या आठवड्यात गाठोड्याची पाळी. घरातल्या एकाने जाऊन सांगायचं, हा माणूस कसा आहे. कमिटी नाही म्हणाली तर गणवेश उतरवून घरी.

'मग काय करशील?' सूनबाईने विचारलं.

'हॉटेलात चादरींच्या घड्या घालीन.'

कोणी हसलं नाही. माझा मुलगा म्हणाला, त्या दिवशी दाढ काढायची आहे. सूनबाई म्हणाली, मी तिथे उभी राहिले की रडणार, मला ठाऊक आहे. मला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, मी जाते. मला कुठे जायला आवडतं. प्लास्टर घातल्यापासून दवाखान्याशिवाय कुठे गेले नव्हते.

९ मार्च

शेजारचे पेन्शनर चहाला आले. आमच्या ह्यांचे दोस्त, मी त्यांना भाऊजी म्हणते. सैन्यातच होते, उड्या मारणाऱ्यांत. अजून काठी घेत नाहीत आणि कोणी देऊ केली तर रागावतात.

गाठोडं समोर बसलं होतं. भाऊजी आडपडदा न ठेवता म्हणाले, 'वहिनी, तुमच्या नातवंडाबद्दल माझं काही नाही. माझ्या डोळ्यांसमोर वाढलंय. पण मी उड्या मारल्यात. विमानाचं दार उघडलं की खाली काही नसतं. त्या वेळी डोक्यात एकच पाहिजे, पाठीवरचं उघडणार. तिथे दुसरा विचार शिरला की संपलं.'

'कसला दुसरा विचार?' मी विचारलं.

'हाच. ज्याने बांधलंय तो कोण, की ती कोण.'

गाठोडं म्हणालं, 'काका, तुमचं कोण बांधायचं?'

'मला काय माहीत. पिशवीवरच्या कार्डावर नाव असायचं.'

'चेहरा पाहिलात कधी?'

'नाही.'

'मग?'

'मग काय. नाव वाचून बरं वाटायचं.' बिस्कीट चहात बुडवून धरलं होतं, ते तुटून आत पडलं. चमच्याने काढत म्हणाले, 'आणि बराकीचं काय, न्हाणीघराचं काय? एका माणसासाठी सगळी व्यवस्था हलवायची?'

'एका दाराला कडी लावली, काका. एवढीच व्यवस्था हलली. आता बाकीचेही लावतात.'

'कडी नव्हती?'

'कोणाच्याच नव्हती.'

भाऊजी म्हणाले, आमच्याही नव्हती, आणि चमचा बशीत ठेवून छताकडे बघत राहिले. बहुतेक न्हाणीघर आठवत असावेत. मला दोघांचंही पटत होतं. वाद ऐकायला बसलं की माझं नेहमी हे असंच होतं, म्हणून मी टीव्हीवर आवाज बंद करून बघते.

ते गेल्यावर गाठोड्याने जेवणाच्या टेबलावर मोठी चादर पसरून मला दाखवलं. दोऱ्या कशा सरळ करायच्या, कापड कसं चुणीवर चुणी ठेवत न्यायचं, घडी उसळू नये म्हणून वर वाळूच्या पिशव्या कशा ठेवायच्या. पिशव्यांच्या जागी आम्ही मिठाच्या पुड्या ठेवल्या. दर पायरीला दुसरा माणूस येऊन तपासतो म्हणे. आणि दोरी कुठे पिळली गेली असं नुसतं मनात आलं तरी सगळं उघडायचं, पहिल्यापासून.

मी म्हटलं, 'नुसतं मनात आलं म्हणून?'

'मनात आलं म्हणजे खात्री नाही, आजी.'

चादरीला चांगली इस्त्री झाली.

१० मार्च

गाठोड्याने मला शिकवणी लावली. म्हणालं, 'आजी, कमिटीपुढे मला तो म्हणायचं. तो आला, तो गेला.'

मी म्हटलं, 'मी तुला ती तरी कधी म्हणते? मी ते म्हणते. गाठोडं ते.'

'माहीत आहे. म्हणून तर तुझ्याजवळ बरं वाटायचं.'

'मग आता काय बिघडलं?'

ते थोडा वेळ टेबलावरच्या मिठाच्या पुड्या एका ओळीत लावत बसलं. मग म्हणालं, 'तेव्हा ते पुरत होतं. आता त्यात मी नसतो.'

मला वाटलं होतं माझं ते सगळ्यांत सोयीचं, कोणालाच लागत नाही. असो. दिवसभर घोकलं. तो आला, तो बसला, त्याने खाल्लं. जिभेला वळण लागलं खरं, पण भलतीकडेच. संध्याकाळी सूनबाई आली तर मी म्हटलं, 'आलास का, दमला असशील.' शेजारणीला म्हटलं, 'तो बरा आहे ना, तुझा सासू?' मांजर पायात आलं तर त्यालाही तो म्हणून बसले. सूनबाई पोट धरून हसली. दोन वर्षांत ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. गाठोडंही हसलं. माझा मुलगा बाहेरच्या खोलीत होता, त्याला हसू ऐकू आलं असणार, पण आला नाही.

१४ मार्च

कमिटी झाली. सगळं लिहिते.

इमारत लांबलचक, फिनाइलचा वास, खुर्च्या एकमेकींना स्क्रूने जोडलेल्या. एक हलली की सगळ्या हलतात. गाठोडं कडक गणवेशात, मी माझ्या चांगल्या शालीत. ते आधी आत गेलं, मग मला बोलावलं, आणि त्याला बाहेर बसवलं. घरच्या माणसाने एकट्याने बोलायचं असतं.

टेबलापलीकडे तिघं. मधे मेजर, भुवया अशा की त्यांवर टोपी टेकावी. एका बाजूला डॉक्टरबाई. दुसऱ्या बाजूला पॅराशूटच्या खात्याचे प्रमुख, त्यांना खोकला होता. कोपऱ्यात टायपिस्टबाई, तिने मान वर केली नाही.

मेजर म्हणाले, 'आजीबाई, घाबरू नका. लहानपणापासूनचं सांगा.'

मला सांगायला काय, मी सुरू झाले. आणि घात झाला. लहानपणाचं सांगायला लागले की जीभ लहानपणीचीच होते. चार दिवस घोकलेलं कुठल्या कुठे गेलं. ते शाळेतून पळून आलं. ते झाडावरून पडलं, पण ते हसतच उठलं. फ्रॉक घातला की ते न्हाणीघरात जाऊन बसायचं. ते असं, ते तसं. खात्याचे प्रमुख खोकता खोकता हसत होते. मी त्यांना खडीसाखर देऊ केली, त्यांनी घेतली.

संपल्यावर टायपिस्टबाईने वाचून दाखवलं. काय ती भाषा. 'ते शाळेतून पळून आले. ते झाडावरून पडले, परंतु ते हसतच उठले.' म्हणजे कोणी मंत्रीच झाडावरून पडले. मी म्हटलं, 'मी असं नाही म्हटलं.' ती म्हणाली, 'लिहिताना असंच लिहितात, आजी.' आमच्या बाईच आठवल्या. मी सही केली.

मेजरांनी कागद हातात घेऊन विचारलं, 'घरात तुम्ही पहिल्यापासून ते म्हणत होतात?'

'पहिल्यापासून ते,' मी म्हटलं. हे तर खरंच आहे.

त्यांनी भुवया वर केल्या आणि काहीतरी लिहून घेतलं.

गाठोडं तिथूनच कामावर गेलं, रजा संपली. मी बसने परत आले. खिडकीची जागा मिळाली.

मुलाने दाढ काढलेली नाही. डॉक्टर आले नव्हते म्हणाला.

२२ मार्च

निकाल आला. ठेवलं. गाठोडं सैन्यात राहणार.

सूनबाईने निकाल मोठ्याने वाचला. गोड बोलल्यासारखा कागद होता. काम उत्तम, तब्येत उत्तम. शेवटी लिहिलेलं, 'कुटुंबात अर्जदारांचा उल्लेख बालपणापासूनच पुरुष म्हणून व आदराने होत आला आहे, ही बाब समितीने विशेष विचारात घेतली.'

मी म्हटलं, आदराने? गाठोड्याचा? मी त्याला लाटणं घेऊन अंगणभर पळवलंय. मग उलगडलं. मी आलं म्हटलं, तिने आले लिहिलं, आणि मेजरांनी आले वाचून कोट घातलेले पाहुणे समजले. मला हसून हसून ठसका लागला.

संध्याकाळी फोन आला तेव्हा गाठोड्यालाही सांगितलं. म्हटलं, तुझी नोकरी माझ्या एका टिंबावर टिकलीय. वाटलं, तेही हसेल. त्याने ते वाक्य पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं. मी चष्मा लावून वाचलं.

मग म्हणालं, 'म्हणजे त्यांनी चुकीचं वाचून ठेवलंय मला.'

'वाचू दे की. ठेवलंय ना?'

'आजी, उद्या कोणी हा कागद काढला आणि तुला विचारलं, तर तू काय सांगशील?'

'खरं ते सांगेन.'

'मग आजच सांगायला पाहिजे.'

'कोण सांगणार?'

'मी.'

मी म्हटलं, रात्रभर विचार कर. म्हणालं, विचार झाला. आता कोणाच्या पाठीवर गेलेली पिशवी असती तर परत मागवलीच असती ना.

२३ मार्च

सूनबाई माझ्याशी बोलत नाही. गाठोड्याने खरंच मेजरांना जाऊन सांगितलं. निकाल थांबवलाय, कमिटी पुन्हा बसणार.

सूनबाई म्हणाली, 'अहो आई, तुम्हाला फोनवर तेवढंच सांगायचं होतं का?' बरोबर आहे तिचं. मला पोटात काही राहत नाही. मग मुलाकडे वळून म्हणाली, 'आणि तुमच्या लेकराला कोणी सांगितलं होतं शहाणपण करायला?'

माझा मुलगा पेपर वाचत होता. पान उलटून म्हणाला, 'बरोबर केलं.'

बस, एवढंच. पण ते पान त्याने नंतर बराच वेळ उलटलं नाही.

२८ मार्च

हात शेकला. काही नाही. सूनबाई आता 'चहा घ्या' म्हणते, त्यापलीकडे एक शब्द नाही.

२ एप्रिल

पुन्हा कमिटी. या खेपेला बसने जायचं नव्हतं, माझ्या मुलाने स्वतःहून गाडी काढली. वाटेत म्हणाला, ब्रेकचा आवाज येतोय. मला येत नव्हता. तिथे पोचल्यावर आत ये म्हटलं तर म्हणाला, गाडीपाशी थांबतो, इथे गाड्या लावू देत नाहीत. तिथे वीस गाड्या लावलेल्या होत्या.

आज आम्हा दोघांना एकदमच आत घेतलं.

मेजर गाठोड्याला म्हणाले, 'निकाल तुमच्या बाजूने होता.'

'हो, सर.'

'मग?'

'त्यात एक वाक्य चुकीचं होतं, सर.'

'त्या वाक्याने तुमचं काही बिघडत नव्हतं.'

'नव्हतं, सर.'

मेजर माझ्याकडे वळले. 'आजीबाई, आता तुम्ही सांगा. घरात नक्की काय म्हणत होतात?'

'ते. पण तुमचं ते नव्हे, साहेब. मांजर आलं, पाखरू आलं, तसं ते. गाठोडं हे त्याचं घरचं नाव. आदरबिदर काही नाही. धपाटेही घातलेत.'

डॉक्टरबाईंनी तोंडाला रुमाल लावला.

'म्हणजे मुलगा म्हणून नव्हे.'

'नाही. मुलगी म्हणूनही फारसं नाही. गाठोडं म्हणून वाढवलं.'

'आणि आता?'

'आता तो म्हणते. शिकतेय. रोज चुकते.'

'तुम्हाला स्वतःला काय वाटतं?'

मी म्हटलं, 'साहेब, मला वाटायचं ते म्हटलं की भागलं, कोणाला लागत नाही. त्याला लागत होतं. हे तुमची कमिटी बसली म्हणून मला कळलं, नाहीतर त्याने सांगितलंच नसतं. बाकी सैन्यात कोण असावं ते मला विचारू नका. तिथे मी कधी गेले नाही.'

मेजरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, 'माझं मत लिहून घ्या. उडी मारणाऱ्याच्या मनात शंका नको, या मताचा मी आहे. या माणसाबद्दल माझी तक्रार नाही. याच्यासारख्यांसाठी नियम करायचा म्हटलं तर मी अजून नाहीच म्हणेन.' असं तोंडावर सांगितलं. भाऊजींसारखंच बोलणं. मला मेजरांचा राग आला नाही. यायला हवा होता का, कोण जाणे.

नातवाने विचारलं, 'सर, बोलू का?'

'बोला.'

'उडी मारणारा पिशवी उचलतो तेव्हा कार्डावरचं नाव वाचतो. बाकी त्याला काही ठाऊक नसतं. ते नाव खरं असावं, एवढ्यासाठी मी हे सगळं केलं. कागद बदलले तेही, आणि त्या दिवशी चूक सांगायला आलो तेही.'

मग आम्हाला बाहेर बसवलं. जोडलेल्या खुर्च्या. त्याचा पाय हलत होता, त्यामुळे मीही हलत होते. मी खडीसाखर दिली. खाल्ली नाही, मुठीत धरून बसला.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. दोन विरुद्ध एक. राहायचं. आधीचं ते वाक्य खोडलं. पण खात्याच्या यादीत आतापर्यंत जुनंच नाव चालू होतं, त्या नावाने बांधून ठेवलेल्या सगळ्या पिशव्या उघडायच्या, कारण त्या नावाचा माणूस आता यादीत नाही. आणि नव्या नावाने यादीत येणाऱ्याला तिथला नियम लागू. पहिली घडी स्वतः घालायची, स्वतःच्या पाठीवर बांधायची आणि उडी मारायची. उडीचं शिक्षण त्या खात्यात सगळ्यांना देतातच, त्यालाही दिलंय. तरी मी म्हटलं, 'हा नियम आहे की शिक्षा?'

नातू म्हणाला, 'नियम आहे, आजी. मेजरही याच खात्यातून आलेत, त्यांनीही मारली होती.'

बाहेर आले तर माझा मुलगा गाडीची पुढची काच पुसत होता. इतकी लख्ख की पाखरू येऊन आपटलं असतं.

'काय झालं?'

'ठेवलं. पण उडी मारायला लावतायत.'

'बरं,' म्हणाला आणि किल्ली उलटी घालत राहिला. लागायला वेळ लागला. मागे वळून पाहिलं तर नातू पायऱ्यांवर उभा होता, हात वर करून. मी हात केला. मुलाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

११ एप्रिल

भाऊजींना सांगितलं. त्यांनी बरंच विचारलं, विमान कुठलं, वारा कधी पडतो, मैदान ओलं असतं का. शेवटी म्हणाले, 'मत माझं तेच आहे, वहिनी.' मी म्हटलं, असू द्या की. म्हणाले, 'मीही येतो बघायला.'

सूनबाई बोलायला लागली. येणार नाही म्हणते, तिला बघवणार नाही. पण भाऊजींकडची दुर्बीण तिनेच पुसून ठेवली.

१९ एप्रिल

उडी आज झाली. सूनबाईला फोनवर सांगून झालं, आता इथे लिहिते.

आम्ही तिघं गेलो, मुलगा, भाऊजी आणि मी. मैदान केवढं, गवत कापलेलं, दोरी बांधून बघ्यांची जागा केलेली. इतरांच्याही घरची माणसं होती. शेजारी एक बाई, तिचा नवरा उडी मारणार होता, नेहमीची उडी. तिने विचारलं, 'तुमचं कोण?' मी म्हटलं, 'नातू. नवा आहे.' ती म्हणाली, पहिल्या उडीला माझ्या नवऱ्याने बुटात ओकलं होतं. बाई चांगली होती.

मी थर्मासमधून चहा नेला होता. मुलाला झाकणात ओतून दिला. तो धरून उभा राहिला, पीत नव्हता.

विमान आलं, आवाज आधी, मग विमान. एकेक ठिपका बाहेर पडायला लागला. भाऊजी दुर्बीण लावून मोजल्यासारखं पुटपुटत होते, 'उघडली. उघडली. उघडली.' मला दुर्बिणीतून नुसतं पांढरं दिसलं, मी परत दिली. वर छत्र्या, म्हणजे पॅराशूट, सगळी एका रंगाची, एका आकाराची. आपलं कुठलं ते मी विचारत राहिले आणि कोणी सांगेना. एकाचं जरा उशिरा उघडलं. भाऊजी पुटपुटायचे थांबले. शेजारच्या बाईने माझा दंड धरला. मग तेही उघडलं.

भाऊजी दुर्बीण न काढता म्हणाले, 'घडी चांगली बसली होती.' कोणाची म्हणाले, ते मी विचारलं नाही.

खाली यायला किती वेळ घेतात. वाऱ्याने एकीकडे सरकतात, मग दुसरीकडे. मी खालचं बघायचं सोडून वर बघत होते, त्यामुळे माझं चुकलंच. माझा मुलगा दोरीला चिकटून उभा होता. तो म्हणाला,

'उतरला.'

मी म्हटलं, 'कोण?'

'कोण काय, आई. आपला.'

मग इकडेतिकडे बघत म्हणाला, 'चहा आहे का अजून?' चहा कुठला असतोय. झाकणातला सगळा त्याच्या बुटावर होता.